कापाब्लांका: ज्याला जिवंतपणी रेटिंगच नव्हतं, त्याला इंजिनने पहिला नंबर का दिला?



मागच्या महिन्यात एका रात्री साडेबारा वाजता मी मोबाईलवर दहा मिनिटांचा एक डाव जिंकले. डाव संपल्यावर ॲपने अचूकता दाखवली, ९४ टक्के. लगेच स्क्रीनशॉट काढून भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. माझ्या मावसभावाला ते काही बघवलं नाही. समोरचा किती रेटिंगचा होता, एवढंच त्याने विचारलं. समोरचा माझ्यासारखाच होता, म्हणजे सुमार. तिथून गाडी सरकली ती थेट कार्लसन, कास्पारोव्ह आणि फिशर यांच्यात सगळ्यात भारी कोण, इथपर्यंत गेली. भावाचं म्हणणं सरळ होतं. कार्लसनचं रेटिंग सगळ्यात जास्त, विषय संपला.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. एक आकडा दाखवून कोणी विषय संपवला की तो आकडा नेमका आला कुठून, हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून त्या शनिवारी वाचायला बसले आणि जाऊन पोहोचले १९४२ साली वारलेल्या एका क्युबन माणसापाशी. त्याच्या हयातीत त्याला रेटिंगच नव्हतं. तरीही २००६ मध्ये दोन संशोधकांनी सगळ्या जगज्जेत्यांचे डाव संगणकाकडून तपासून घेतले, तेव्हा सर्वात कमी चुकांचा मान त्याला मिळाला. त्याचं नाव होसे राउल कापाब्लांका.

आज आपण त्याची गोष्ट पाहणार आहोत आणि तिच्यासोबत रेटिंग आणि अचूकता हे दोन आकडे नेमकं काय सांगतात, तेही समजून घेणार आहोत.

बघून बघून शिकलेला मुलगा

कापाब्लांकाचा जन्म १९ नोव्हेंबर १८८८ चा, हवानामधला. क्युबा तेव्हा स्पेनच्या ताब्यात होता आणि त्याचे वडील स्पॅनिश सैन्यात अधिकारी होते. त्याने स्वतः नंतर लिहिलेली आठवण अशी, की तो चार वर्षांचा असताना वडील मित्रासोबत बुद्धिबळ खेळत होते आणि तो शेजारी उभा राहून बघायचा. नियम त्याला कोणी शिकवले नव्हते. एके दिवशी वडिलांनी घोडा चुकीच्या घरात टाकला. समोरच्याच्याही ते लक्षात आलं नाही. मुलाच्या मात्र आलं. त्याने वडिलांना ते सांगितलं आणि लगेच त्यांच्याशी खेळून त्यांना हरवलंसुद्धा.

स्वतःच्या बालपणाच्या आठवणी सगळेच थोड्या रंगवतात, हे धरून चाला. पण पुढच्या गोष्टीची नोंद आहे. १९०१ च्या शेवटी, तेराव्या वाढदिवसाच्या आसपास, त्याने क्युबाचा त्या काळचा सर्वात ताकदवान खेळाडू हुआन कोर्सो याच्याशी मॅच खेळली. चार डाव जिंकले, तीन हरला, सहा बरोबरीत सुटले. आपल्याकडे ज्या वयात मुलं आठवीची घटक चाचणी देत असतात, त्या वयात हा मुलगा देशातल्या अव्वल खेळाडूला भारी पडला होता.

इंजिनिअरिंग अर्धवट सोडलं

आता आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या ओळखीचा भाग. क्युबातल्या एका श्रीमंत गृहस्थाने त्याच्या शिक्षणाचा खर्च उचलला आणि तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात केमिकल इंजिनिअरिंग शिकायला गेला. तिथे त्याचं मन रमलं ते बेसबॉलमध्ये आणि मॅनहॅटन चेस क्लबमध्ये. १९०६ मध्ये या क्लबमधल्या एका जलद स्पर्धेत तो पहिला आला. त्याच स्पर्धेत इमॅन्युएल लास्कर खेळत होता, म्हणजे साक्षात जगज्जेता. दोनेक वर्षांत कॉलेज सुटलं आणि त्यासोबत त्या गृहस्थांची मदतही बंद झाली.

१९०९ मध्ये त्याने फ्रँक मार्शलशी मॅच खेळली. मार्शल म्हणजे कोणी ऐरागैरा नव्हे. दोनच वर्षांपूर्वी तो लास्करविरुद्ध जगज्जेतेपदासाठी लढला होता. कापाब्लांकाने त्याच्याविरुद्ध आठ डाव जिंकले, एक हरला, चौदा बरोबरीत सोडवले. वय वर्षं वीस.

तरीही युरोपात त्याला कोणी फारसं मोजत नव्हतं. १९११ मध्ये स्पेनमधल्या सान सेबास्तियान इथे मोठी स्पर्धा होती. एवढ्या मोठ्या स्पर्धेत खेळण्याइतकं या पोराने काय केलंय, असा आक्षेप बर्नस्टाईन आणि निम्झोविच या दोघांनी घेतला. पहिल्याच फेरीत त्याची गाठ बर्नस्टाईनशी पडली. त्याने तो डाव तर जिंकलाच, वर सर्वात सुंदर डावाचं बक्षीसही त्यालाच मिळालं. स्पर्धाही त्यानेच जिंकली.

१९१३ मध्ये क्युबाच्या परराष्ट्र खात्याने त्याला नोकरी दिली. फायली पुढे सरकवण्याची नोकरी नव्हती ती. जगभर फिरायचं, खेळायचं आणि क्युबाचं नाव लोकांच्या तोंडी ठेवायचं, एवढीच अपेक्षा. आजच्या भाषेत, देशाचा ब्रँड ॲम्बेसेडर.

आठ वर्षं एकही हार नाही

१० फेब्रुवारी १९१६ रोजी न्यूयॉर्कमध्ये तो ऑस्कर चाजेस नावाच्या खेळाडूकडून हरला. त्यानंतरची हार आली ती थेट २१ मार्च १९२४ ला, रिचर्ड रेटीविरुद्ध. मधल्या आठ वर्षांत तो ६३ स्पर्धात्मक डाव खेळला. ४० जिंकले, २३ बरोबरीत सोडवले, एकही हरला नाही.

आकड्याला आकडा लावायचा तर मॅग्नस कार्लसनने २०१८ ते २०२० या काळात सलग १२५ डाव न हरता काढले. म्हणजे कार्लसन दुप्पट भारी का? इथेच घाई करू नका. कापाब्लांकाच्या काळात महायुद्ध चालू होतं, प्रवास बोटीने व्हायचा, स्पर्धाच मोजक्या असायच्या. वर्षाला सरासरी आठ डाव. कार्लसनच्या वाट्याला आलेले विरोधक मात्र इंजिनवर तयारी करून बसणारे होते आणि त्यांच्याविरुद्ध न हरणं वेगळ्याच अर्थाने अवघड. दोन्ही विक्रम खरे आहेत. पण ते एकाच पट्टीने मोजता येत नाहीत.

याच आठ वर्षांत, १९२१ मध्ये, हवानामध्ये तो लास्करसमोर जगज्जेतेपदासाठी बसला. लास्कर १८९४ पासून, म्हणजे २७ वर्षं जगज्जेता होता. मॅच २४ डावांची ठरली होती. चौदा डाव झाले. कापाब्लांका चार जिंकला, दहा बरोबरीत सुटले, लास्करला एकही डाव जिंकता आला नाही. ५२ वर्षांच्या लास्करने तिथेच मॅच सोडून दिली. त्याच वर्षी कापाब्लांकाचं शिकणाऱ्यांसाठीचं पुस्तकही आलं, जे लोक आजही वाचतात.

पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या क्लीव्हलंडमध्ये तो एकाच वेळी १०३ जणांशी खेळला. या पटावरून त्या पटावर चालत जायचं, एक खेळी करायची, पुढे सरकायचं. १०२ जिंकले आणि एक बरोबरीत.

त्याचा खेळ कसा होता?

कापाब्लांकाचे डाव बघताना पहिल्यांदा थोडा हिरमोड होतो. वजिराचा बळी नाही, फटाके नाहीत. तो मोहरे बदलत जातो, पट मोकळा करत जातो आणि तीसेक खेळ्यांनंतर समोरच्याचं एक प्यादं लटकलेलं असतं. चूक कुठे झाली, हे समोरच्यालाही कळत नाही. आपल्या आळीत एखादा म्हातारा सुतार असतो. तो घाम न गाळता, दोनदा रंधा मारून दार बसवतो आणि ते पुढे तीस वर्षं करकरत नाही. तसं काहीसं.

१९२४ मध्ये न्यूयॉर्कला तार्ताकोवरविरुद्धच्या डावात दोघांकडे एकेक हत्ती आणि थोडी प्यादी उरली होती. त्याने स्वतःची दोन प्यादी खुशाल जाऊ दिली आणि राजा चालवत थेट समोरच्याच्या प्रदेशात नेला. राजा म्हणजे कोपऱ्यात लपवून ठेवायची वस्तू, असं आपण शिकलेलो असतो. इथे राजाच हल्ला करतो. मोहरे मोजणाऱ्याला वाटेल, हा हरतोय. तो जिंकत होता.

मात्र या सहजपणाची दुसरी बाजूही होती. तो फार मेहनत करत नाही, असं त्याच्याबद्दल सतत बोललं जायचं. सुरुवातीच्या चालींचा कसून अभ्यास करणाऱ्यांमध्ये त्याची गणना कधीच झाली नाही. पटासमोर बसलं की चाल दिसते, मग घरी बसून घोकायचं कशाला?

१९२७: डेटा विरुद्ध टॅलेंट

जगज्जेता झाल्यावर १९२२ मध्ये लंडनला मोठ्या खेळाडूंनी आव्हानाचे नियम ठरवले. आव्हान देणाऱ्याने किमान १० हजार डॉलर उभे करायचे आणि जो आधी सहा डाव जिंकेल तो जगज्जेता. त्या काळात १० हजार डॉलर ही डोळे पांढरे करणारी रक्कम होती. बरेच चांगले खेळाडू तिथेच अडकले.

अखेर १९२७ मध्ये अलेक्झांडर अलेखिनच्या मागे अर्जेंटिनातले लोक उभे राहिले आणि ब्युनोस आयर्समध्ये मॅच ठरली. अलेखिनने त्याआधी कापाब्लांकाला एकदाही हरवलं नव्हतं. त्याच वर्षीच्या न्यूयॉर्कच्या स्पर्धेत तर कापाब्लांका त्याच्या अडीच गुण पुढे होता. निकाल आधीच लागल्यासारखा होता.

अलेखिनने एक काम केलं, जे आज आपण सहज करतो. त्याने कापाब्लांकाचे डाव गोळा केले आणि एकेक करून तपासले. कुठल्या प्रकारच्या स्थितीत तो सैल पडतो, कुठे पहिली दिसलेली चांगली चाल खेळून मोकळा होतो, याचा त्याने हिशोब मांडला. ना इंजिन, ना डेटाबेस, फक्त कागद, पट आणि चिकाटी. आजचा कुठलाही ग्रँडमास्टर मॅचआधी लॅपटॉपवर हेच करतो.

पहिलाच डाव अलेखिनने जिंकला. १६ सप्टेंबरला सुरू झालेली मॅच २९ नोव्हेंबरपर्यंत चालली. ३४ डाव झाले, त्यातले २५ बरोबरीत. अलेखिन सहा जिंकला, कापाब्लांका तीन. शेवटचा डाव तहकूब होता. तो पुढे खेळायला कापाब्लांका आलाच नाही. त्याने चिठ्ठी पाठवून डाव सोडला आणि त्यासोबत जगज्जेतेपदही.

परत मॅच व्हायला हवी होती, पण ती कधीच झाली नाही. अलेखिनने कापाब्लांकाच्याच काळातली १० हजार डॉलरची अट पुढे केली. १९२९ मध्ये अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला आणि एवढे पैसे उभे करणं जवळजवळ अशक्य झालं. अलेखिन दुसऱ्यांशी मॅच खेळला, कापाब्लांकाशी नाही. दोघं एकमेकांचं तोंड बघेनासे झाले. पुढची काही वर्षं ते एका स्पर्धेतही समोरासमोर आले नाहीत. जो नियम कापाब्लांकाला सांभाळत होता, त्याच नियमाने त्याचा परतीचा रस्ता बंद केला.

शेवटची वर्षं

१९३० च्या शेवटी इंग्लंडमधल्या हेस्टिंग्ज इथल्या स्पर्धेत आपल्याकडचा एक माणूस त्याच्यासमोर बसला. अखंड भारतातल्या पंजाबचा सुलतान खान. भारतीय पद्धतीचे नियम शिकून मोठा झालेला, ज्यात प्यादं पहिल्या चालीतही एकच घर सरकतं. युरोपीय नियमांशी त्याची ओळख जुनी नव्हती, पुस्तकी अभ्यास तर नव्हताच. त्याने कापाब्लांकाला हरवलं. सहज खेळणाऱ्याला दुसरा सहज खेळणारा भेटला होता.

तरी कापाब्लांका संपला नव्हता. १९३६ मध्ये त्याने मॉस्कोची स्पर्धा जिंकली. त्याच वर्षी नॉटिंगहॅमला तो तरुण बोटविनिकसोबत संयुक्त पहिला आला आणि तिथे नऊ वर्षांनी समोर आलेल्या अलेखिनला त्याने हरवलं. मॅच नव्हती ती, एकच डाव होता. पण जिंकला.

मात्र तोवर तब्येत साथ सोडायला लागली होती. रक्तदाब वाढलेला असायचा आणि डाव लांबला की तो थकायचा. १९३८ मध्ये हॉलंडमधल्या आठ दिग्गजांच्या स्पर्धेत तो सातवा आला. त्या स्पर्धेतच त्याने पन्नाशी गाठली. तरी पुढच्याच वर्षी ब्युनोस आयर्सच्या ऑलिंपियाडमध्ये क्युबासाठी पहिल्या पटावर खेळून त्याने त्या पटावरचं सुवर्णपदक घेतलं. ज्या शहरात सगळं गमावलं होतं, त्याच शहरात.

७ मार्च १९४२ च्या संध्याकाळी तो न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन चेस क्लबमध्ये दुसऱ्यांचे डाव बघत होता. तिथेच तो कोसळला. माउंट सायनाय रुग्णालयात दुसऱ्या दिवशी मेंदूतल्या रक्तस्रावाने त्याचं निधन झालं. वय ५३. वर्षभरापूर्वी लास्करही याच रुग्णालयात वारला होता.

आता आकड्यांकडे येऊ: रेटिंग म्हणजे काय?

आपल्या ॲपमध्ये नावापुढे जो आकडा दिसतो, त्याचं मूळ आर्पाद एलो यांच्याकडे जातं. ते मूळचे हंगेरीचे, अमेरिकेत मिलवॉकीच्या मार्केट विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आणि स्वतः चांगले खेळाडू. त्यांची पद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने १९६० मध्ये आणि जागतिक संघटना फिडेने १९७० मध्ये स्वीकारली. लक्षात घ्या, तोवर कापाब्लांकाला जाऊन २८ वर्षं झाली होती.

कल्पना सोपी आहे. दोघांच्या रेटिंगमधल्या फरकावरून अपेक्षित निकाल काढायचा. फरक २०० असेल तर वरचढ खेळाडूने १०० पैकी साधारण ७६ गुण घ्यावेत. फरक ४०० असेल तर ९१. अपेक्षेपेक्षा जास्त घेतले की रेटिंग वाढतं, कमी घेतले की उतरतं. तुमच्या मोबाईलवरची ॲप्स याचीच सुधारलेली रूपं वापरतात.

आता मुद्दा नीट बघा. इथे सगळं फरकावर चालतं. उद्या जगातल्या प्रत्येक खेळाडूचं रेटिंग हजाराने वाढवलं तर एकाही डावाचा अंदाज बदलणार नाही. म्हणजे २७२५ या आकड्याला स्वतःचा असा अर्थ नाही. तो कोणाविरुद्ध खेळून मिळाला, यावर त्याचा अर्थ ठरतो.

एलो यांनी १९७८ च्या पुस्तकात जुन्या खेळाडूंचंही रेटिंग मागे जाऊन काढलं. त्यांच्या हिशोबात कापाब्लांकाची सर्वोत्तम पाच वर्षांची सरासरी २७२५ आली, लास्कर आणि बोटविनिकची २७२०. कार्लसनचं सर्वोच्च रेटिंग २८८२, मे २०१४ मधलं. वजाबाकी केली तर फरक १५७. सूत्रात टाकलं तर कार्लसनने १०० पैकी ७१ गुण घ्यावेत. माझ्या मावसभावाने नेमकं हेच केलं होतं.

पण हे म्हणजे आजोबांच्या जुन्या मॅट्रिकच्या ६० टक्क्यांची आजच्या दहावीच्या ९२ टक्क्यांशी तुलना करण्यासारखं आहे. वर्ग वेगळा, पेपर वेगळा, तपासणारा वेगळा. कापाब्लांका आणि कार्लसन यांना जोडणारी साखळी आहे, कारण याच्याशी तो खेळला, त्याच्याशी पुढचा खेळला. पण ती शंभर वर्षं लांब आहे आणि प्रत्येक कडीला थोडी थोडी चूक साठत जाते.

मग इंजिनला विचारलं तर?

यावर उपाय म्हणून वेगळी वाट निघाली. खेळाडूंना एकमेकांशी न मोजता त्यांची प्रत्येक चाल एकाच त्रयस्थ परीक्षकाकडे द्यायची. स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियाना विद्यापीठाच्या मातेय गिड आणि इव्हान ब्रात्को यांनी २००६ मध्ये हेच केलं. क्राफ्टी नावाचं इंजिन घेतलं आणि जगज्जेतेपदाच्या मॅचेसमधले डाव त्याला दिले. सुरुवातीच्या चाली वगळल्या, कारण त्या पाठ केलेल्या असू शकतात. ज्या स्थितीत निकाल जवळपास लागलेलाच होता, त्याही वगळल्या. उरलेल्या प्रत्येक जागी इंजिनची सर्वोत्तम चाल आणि खेळाडूची चाल यांच्या मूल्यात किती फरक पडला, ते मोजून सरासरी काढली. तुमच्या ॲपमधली अचूकतेची टक्केवारी याच कल्पनेची भावंड आहे.

सर्वात कमी सरासरी चूक कापाब्लांकाची निघाली.

हे वाचून मी हरखले. भावाला लिंक पाठवणारच होते, तेवढ्यात एक गोष्ट डोक्यात आली. कापाब्लांका जगज्जेतेपदाच्या दोनच मॅच खेळला. १९२१ चे १४ डाव आणि १९२७ चे ३४. एकूण ४८. म्हणजे ज्या डावांवरून तो सर्वात अचूक ठरला, त्यातले जवळपास ७० टक्के डाव तो हरलेल्या मॅचमधले आहेत!

मग अचूक खेळणं आणि जिंकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का? काही प्रमाणात, हो. गिड आणि ब्रात्को यांनी स्थिती किती गुंतागुंतीची आहे, हेही मोजलं होतं आणि कापाब्लांकाच्या वाट्याला तुलनेने सोप्या स्थिती आल्याचं दिसलं. नशिबाने नव्हे, तो स्वतःच पट सोपा करत जायचा. सरळ रस्त्याने चालणारा कमी ठेचकाळतो. पण सरळ रस्ता शोधून काढणं हेही कौशल्यच, ते या आकड्यात वेगळं दिसत नाही.

शिवाय परीक्षक किती हुशार, हाही प्रश्न आहे. क्राफ्टीला मर्यादित खोलीपर्यंतच विचार करू दिला होता. २०१७ मध्ये फ्रान्सच्या जाँ-मार्क अलियो यांनी स्टॉकफिश हे कितीतरी ताकदवान इंजिन वापरून जगज्जेत्यांचे सुमारे २६ हजार डाव तपासले. त्यांची पद्धतही वेगळी होती. त्यात कार्लसन पहिला आला. मीही माझ्या लॅपटॉपवर १९२१ आणि १९२७ चे डाव स्टॉकफिशला देऊन बघितले. विचाराची खोली बदलली की आकडे बदलत होते. काही चाली कमी खोलीवर चुकीच्या दिसायच्या आणि इंजिनला जास्त वेळ दिला की तेच आपलं मत बदलायचं. परीक्षकच फेरतपासणी करत होता.

मग सगळ्यात भारी कोण?

माझं उत्तर असं आहे. आज कार्लसन आणि १९२१ चा कापाब्लांका समोरासमोर बसले तर कार्लसन जिंकेल, याबद्दल मला शंका नाही. त्याच्याकडे शंभर वर्षांचं ज्ञान आहे, त्यात कापाब्लांकाने शिकवलेलंही आलं. पण आपापल्या काळात, हाताशी असलेल्या साधनांनी, बाकीच्यांपेक्षा कोण किती पुढे होता, असं विचारलं तर कापाब्लांकाचं नाव पहिल्या ओळीतून काढता येत नाही.

आता हे सगळं मला एवढं का लागलं, ते सांगते. दोन वर्षांपूर्वी मी कंपनीत टीम बदलली. जुन्या टीममध्ये मी वरच्या श्रेणीत असायचे. नव्या टीममध्ये सगळेच तयारीचे. वर्षाच्या शेवटी बेल कर्व्हमध्ये माझी श्रेणी खाली घसरली. काम तेच, माणूस तोच, आकडा कमी. खूप दिवस मला वाटत राहिलं की मीच बिघडले. एलोचं सूत्र समजून घेताना पहिल्यांदा पटलं की तो आकडा माझ्याइतकाच आजूबाजूच्यांबद्दलही बोलत होता.

पण फक्त एवढंच सांगितलं तर ते सोयीचं होईल. कारण १९२७ चा भागही मला लागू होतो. कॉलेजात परीक्षेच्या आदल्या रात्री वाचून माझं निभायचं आणि मला ते आवडायचं. नव्या टीममधली मुलं घरून तयारी करून येत होती, मी मीटिंगमध्ये सुचेल ते बोलत होते. श्रेणी घसरायला बेल कर्व्ह जबाबदार होता, आणि थोडी मीसुद्धा. भावाला मी अखेर हेच लिहिलं. त्याने अंगठा पाठवला आणि एका डावाचं आव्हान दिलं. हरले.

तुम्हाला करून बघायचं असेल तर लिचेसवर फुकट खातं उघडा आणि १९२१ च्या मॅचमधला दहावा डाव शोधा. लास्कर पांढऱ्याने, कापाब्लांका काळ्याने. आधी इंजिन बंद ठेवा आणि प्रत्येक चालीआधी आपण काय खेळलो असतो, ते कागदावर लिहा. मग इंजिन चालू करून तुमच्या आणि त्याच्या चाली ताडून बघा. किती चाली जुळल्या, ते आम्हाला नक्की कळवा!